टर्बो ट्रॅक-कारची ऑइल कॅच टँक पुन्हा पुन्हा भरत असेल तर

आधी लक्षणे सांगतो, कारण पुढची सगळी तपासणी त्यांवरच उभी आहे. गाडी रस्त्यावर व्यवस्थित चालते, ऑइल फारसे खात नाही, धूरही मारत नाही. पण ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांचे एक सत्र झाले, बॉनेट उघडले, की कॅच टँक, म्हणजे इंजिनातून वायूबरोबर बाहेर येणारे ऑइल अडवणारी टाकी, काठोकाठ भरलेली असते किंवा तिच्या फिल्टरमधून ऑइल ओघळून टॅपेट कव्हरवर उतरलेले असते. लांब वळणातून बाहेर पडताना मागच्या गाडीला निळा धूर दिसतो. डिपस्टिक आपल्या जागेवरून बोटभर वर उचललेली सापडते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगच्या कडेने ओल येते, क्रँकच्या मागच्या ऑइल सीलखाली थेंब दिसतात, आणि इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सोडवला की त्यातून चमचा-दोन चमचे ऑइल बाहेर पडते. दिवसाच्या शेवटच्या सत्रांत गाडीची ओढ कमी झाल्यासारखी वाटते.

याच्या उलट जातीची लक्षणेही असतात आणि ती वेगळी ओळखावी लागतात. इंजिन नुसते चालू असताना बारीक शिट्टी ऐकू येते, ऑइल भरायचे झाकण आतून कुणी धरून ठेवल्यासारखे घट्ट बसते, आणि डिपस्टिक थोडी वर ओढताच शिट्टी थांबते. पहिल्या प्रकारात इंजिनच्या पोटात दाब साठतो आहे आणि दुसऱ्या प्रकारात नको तितकी ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, निर्माण झाली आहे. एकाच गाडीत दोन्ही प्रकार असू शकतात, परंतु त्यांची कारणे निराळी असतात, म्हणून वहीत ती निराळी लिहावीत.

कोल्हापुरात मी गेली बारा वर्षे टर्बो पेट्रोल हॅचबॅक ट्रॅकसाठी तयार करून देत आहे. गाड्या इथे बांधल्या जातात आणि धावायला कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातात. कारीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे. इंजिनला श्वास घ्यायला तिथे फार वेळ मिळत नाही. तिथून परत आलेल्या गाड्यांचे मालक बहुतेक एकच मागणी करतात. मागच्या वर्षी एक तरुण म्हणाला, “काका, दोन लिटरची टाकी पुरत नाही, चार लिटरची करून द्या, म्हणजे दिवसभर बघायला नको.” मी त्याला चार लिटरची टाकी करून दिली नाही. टाकी लवकर भरते म्हणजे इंजिन आपल्याला काहीतरी सांगत असते, आणि टाकी मोठी केली की ते सांगणे फक्त उशिरा ऐकू येते.

ऑइल बाहेर का येते

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते तेव्हा सगळा वायू पिस्टनच्या वरच राहत नाही. थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. चांगल्या इंजिनातही तो असतोच, आणि टर्बोने सिलिंडरमधला दाब वाढवला की तोही वाढतो. हा वायू बाहेर पडताना ऑइलचे सूक्ष्म तुषार, न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि पाण्याची वाफ बरोबर घेऊन येतो. त्याला वाट दिली नाही तर तो सील आणि पॅकिंग ढकलून स्वतःच वाट काढतो.

टर्बो इंजिनात या वायूला सहसा दोन वाटा असतात. थ्रॉटल कमी उघडलेले असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये) ओढ असते, म्हणून वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे क्रँककेसचा वायू सोडणाऱ्या झडपेतून, मॅनिफोल्डकडे जातो. टर्बो दाब देऊ लागला की मॅनिफोल्डमध्येच दाब होतो. त्या वाटेवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप) बंद होतो आणि सगळा वायू दुसऱ्या वाटेने, म्हणजे ब्रीदर पाइपमधून टर्बोच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या पाइपात जातो. रस्त्यावरची गाडी बराचसा वेळ पहिल्या वाटेवर असते, तर ट्रॅकवरची गाडी दुसऱ्या वाटेवर असते. हे एवढे नीट समजले तर निम्म्या तक्रारी पाना हातात घेण्याआधीच सुटतात.

टर्बोच्या तोंडाशी गेलेले ऑइल कॉम्प्रेसरमधून इंटरकूलरमध्ये जाऊन आतल्या भिंतींवर बसते आणि हवा थंड करण्याची त्याची ताकद कमी करते. ज्वलनात मिसळलेल्या ऑइलमुळे पेट्रोलची नॉकिंग (अवेळी, धक्क्याने पेटणे) सहन करण्याची क्षमता घटते, ते जाणवताच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीची वेळ मागे घेतो, आणि गाडीची ओढ जाते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा शिडकावा कधीच होत नाही, त्यामुळे तिथे बसलेले ऑइल भाजून काळा थर धरते. कॅच टँक या सगळ्यातले ऑइल अडवण्यासाठी असते. ब्लो-बाय कमी करणे तिच्या हातात नाही.

काहीही सोडवण्याआधी मोजा

टाकी पूर्ण रिकामी करा, एक सत्र चालवा, मग टाकीतले द्रव मापाच्या पेल्यात काढा आणि आकडा लिहा. सत्राची मिनिटे, ट्रॅक, ऑइलचे तापमान आणि सुरुवातीची पातळी शेजारी लिहा. माझ्या वहीत १.२ लिटरच्या निरोगी इंजिनाची वीस मिनिटांची नोंद ३० ते ५० मिलिलिटरच्या आसपास राहते. १०० च्या वर गेले की मी पुढची तपासणी सुरू करतो, आणि २५० च्या वर गेले की ती गाडी त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर सोडत नाही. हे माझ्या गाड्यांचे आकडे आहेत. आपल्या इंजिनाचा आकडा आपल्या वहीतूनच ठरेल. तो न लिहिता एका वेळी चार दुरुस्त्या केल्या तर कोणत्या दुरुस्तीने गुण आला ते कधीच कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार परत दारात येते.

पहिली तपासणी : ऑइलची पातळी आणि वास

याला एक रुपयाही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, मग डिपस्टिक पाहा. ट्रॅकवर ऑइल कमी पडू नये या काळजीने बरेच जण वरच्या खुणेच्या पुढे अर्धा लिटर जास्त भरतात. ती काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. पातळी इतकी वाढली की फिरत्या क्रँकची वजने ऑइलला झोडपतात, त्याचा फेस होतो, आणि तो फेस ब्लो-बायबरोबर सहज ब्रीदरमध्ये चढतो. पातळी वरच्या खुणेला लागून असावी, खुणेच्या वर नसावी.

न भरताच पातळी वाढली असेल तर डिपस्टिक नाकाजवळ न्या. पेट्रोलचा स्पष्ट वास आला तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळते आहे. असे ऑइल पातळ होते, रिंगांची सीलबंदी सैल पडते, आणि गरम होताच त्यातले पेट्रोल वाफ होऊन टाकीकडे जाते. ऑइल व फिल्टर बदला, गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर ट्रॅकसाठी ३० ऐवजी ४० चा, म्हणजे जरा घट्ट, दर्जा वापरा, आणि पुन्हा मोजा. ताज्या ऑइललाही दोन-तीन सत्रांत पेट्रोलचा वास लागला तर दोष इंजेक्टरमध्ये किंवा रिमॅपमध्ये (ईसीयूच्या बदललेल्या प्रोग्रॅममध्ये) आहे. तिथे कॅच टँकचा विषय संपतो.

दुसरी तपासणी : टाकीत नेमके काय साठले आहे

मापाच्या पेल्यातले द्रव तसेच अर्धा तास स्थिर ठेवा. तपकिरी-काळे, स्वच्छ ऑइल वेगळे. आणि खाली पाणी, वर पिवळसर लोण्यासारखा थर, असे असेल तर ते वेगळे. हा लोण्यासारखा थर म्हणजे ऑइल आणि पाणी यांचा घोळ असतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात थोड्या थोड्या अंतरासाठी चालवलेल्या गाडीत तो हमखास दिसतो, कारण इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते आणि ज्वलनातली वाफ टाकीत थिजते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र रेडिएटरच्या टाकीतली कूलंटची पातळी खाली जात असेल आणि या द्रवाला कूलंटचा गोडसर वास असेल, तर हेड पॅकिंगचा संशय धरावा लागतो आणि गाडी तिथेच थांबवावी लागते.

टाकीत जवळजवळ शुद्ध ऑइल, तेही भरपूर, आले असेल तर ते तुषारांच्या रूपात आलेले नाही. ते द्रवरूपात ढकलले किंवा वळणात लोटले गेले आहे. या फरकाचा उपयोग पुढे होणार आहे.

टाकीतले द्रव इंजिनात परत ओतू नका. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असते. ते जुन्या ऑइलच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.

तिसरी तपासणी : पाइप, आणि त्यांची वाट

माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष इथेच सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

चार लिटरची टाकी मागणाऱ्या त्या तरुणाच्या गाडीत एका सत्रात ६०० मिलिलिटर ऑइल येत होते. पातळी सुमारे ४०० मिलिलिटर जास्त होती, ती कमी केल्यावर आकडा निम्म्यावर आला, पण तिथेच अडकला. मग मी टॅपेट कव्हरपासून टाकीपर्यंतच्या पाइपावरून बोटे फिरवत गेलो. पाइप सुंदर निळा, सिलिकॉनचा, बाहेरून नवा कोरा होता. बॅटरीच्या मागून खाली उतरून तो पुन्हा वर टाकीकडे चढत होता. त्या खोलगट भागावर बोट दाबले तेव्हा आत काहीतरी हलल्याचा डबडब आवाज आला. क्लिप सोडवून पाइप वाकडा केला, तर करड्या-पिवळ्या लोण्याचा गोळा आणि त्यामागून पेलाभर ऑइल ट्रेमध्ये पडले. त्या खोलगटीत साचलेले ऑइल पाइपाला बूच बसल्यासारखे अडवत होते. पोटात दाब वाढला की ते बूच एकदम टाकीत फेकले जात होते आणि मागोमाग इंजिनातले ऑइलही ओढले जात होते. पाइप एकसंध चढणीवर घेतला, टाकी चार इंच वर उचलली, आणि पुढच्या वेळी त्याच ट्रॅकवर ४५ मिलिलिटर मोजले.

म्हणून नियम असा ठेवा : इंजिनापासून टाकीपर्यंत पाइप सतत चढता असावा, म्हणजे पाइपात थिजलेले ऑइल परत इंजिनात उतरेल. मध्ये खोलगट वळण नको. आतला व्यास १९ मिलिमीटरच्या खाली नको. दुकानात मिळणाऱ्या तयार संचांतले दहा-बारा मिलिमीटरचे पाइप रस्त्यापुरते चालतात, परंतु पूर्ण दाबावर चालणाऱ्या इंजिनाला ते नाक दाबल्यासारखे होतात. पाइप अरुंद असेल तर त्यातून जाणाऱ्या वायूचा वेग वाढतो, आणि वेगवान वायू जास्त ऑइल उचलून नेतो. त्यामुळे दाबही वाढतो आणि टाकीही भरते.

पाइपाचा माल तितकाच महत्त्वाचा आहे. साधे सिलिकॉन ऑइलने फुगते व पाझरते, हीटरचा रबरी पाइप मऊ पडतो, आणि पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तर उष्णतेने आणि ओढीने पट्टीसारखी चपटी होते. आतून ऑइल सहन करणाऱ्या रबराचा, म्हणजे नायट्राइल किंवा व्हिटॉनचा, विणलेल्या थराचा पाइप घ्या. इंजिन गरम असताना पाइप हातमोजा घालून दाबून पाहा. थंड असताना कडक वाटणारा पाइप गरम झाल्यावर हातात सपाट होत असेल तर तो बदलायचाच.

चौथी तपासणी : टाकी बरोबर वाटेवर आहे का, आणि व्हॉल्व्ह कुठल्या दिशेला आहे

वर सांगितलेल्या दोन वाटा आठवा. अनेक गाड्यांत टाकी फक्त पीसीव्ही ते मॅनिफोल्ड या वाटेवर बसवलेली असते, कारण तिथले पाइप हाताला सहज लागतात. ट्रॅकवर टर्बो दाब देत असताना ती वाट बंदच असते. टाकी रिकामी राहते, मालक समाधानी असतो, आणि ऑइल दुसऱ्या वाटेने टर्बोत जात राहते. टाकीत काहीच येत नाही पण इंटरकूलर ओला आहे, असे दिसले की आधी हेच पाहा. ट्रॅकच्या गाडीत टर्बोकडे जाणाऱ्या ब्रीदरच्या वाटेवर टाकी हवीच.

मॅनिफोल्डच्या वाटेवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा बसला किंवा अडकून उघडा राहिला, तर टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो. डिपस्टिक उडणे आणि मागचे सील गळणे यांमागे हे कारण मला कितीतरी वेळा सापडले आहे. व्हॉल्व्ह काढा, स्वच्छ नळी लावून दोन्ही बाजूंनी फुंकून पाहा. इंजिनाकडून मॅनिफोल्डकडे हवा गेली पाहिजे, उलट दिशेने अजिबात जाता कामा नये. स्वस्त प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह थंड असताना नीट वागतात आणि गरम झाल्यावर अडकतात, म्हणून ही चाचणी ते गरम पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा करा. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यावर हजारोंचे सील वाचतात.

पाचवी तपासणी : खुद्द टाकी

आतून पोकळ असलेला डबा म्हणजे कॅच टँक नाही. वायू एका तोंडातून येऊन सरळ दुसऱ्या तोंडातून निघून गेला तर ऑइल त्याच्याबरोबरच जाते. आत आडवे पत्रे हवेत, म्हणजे वायूला दिशा बदलावी लागते आणि जड तुषार पत्र्यावर आदळून खाली गळतात. त्यावर स्टेनलेस जाळीचा थर असला की बारीक तुषारही अडतात. भांडी घासायची तारेची घासणी मात्र भरू नका. तिचे तुकडे सुटून टर्बोच्या पात्यांपर्यंत पोहोचू शकतात. जाळी दर दोन-तीन ट्रॅक-दिवसांनी काढून धुवा, कारण चिकट झालेली जाळी वायूची वाट अडवते.

मी टाकी इथल्या उद्यमनगरात तीन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्यातून टिग वेल्डिंगने करून घेतो. आत येणारे तोंड पत्र्यांच्या खाली, बाहेर जाणारे तोंड सर्वांत वर, तळाशी निचऱ्याचा कॉक आणि बाजूला पातळी दिसणारी पारदर्शक नळी असते. वेल्डिंग झाल्यावर तोंडे बंद करून, थोडी हवा भरून, टाकी पाण्याच्या पिंपात बुडवून बुडबुडे पाहतो. निचऱ्याचा कॉक धक्क्यांनी फिरू नये म्हणून त्याची दांडी तारेने बांधतो. ट्रॅकवर सांडलेले ऑइल आपल्यापेक्षा मागून येणाऱ्याला जास्त महाग पडते. मोटर स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमांत ब्रीदर उघडा असलेल्या गाडीसाठी २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरची आणि त्यावरील इंजिनाला ३ लिटरची टाकी सांगितली आहे, आणि ती अर्धपारदर्शक असावी किंवा तिला आतले दिसणारा भाग असावा अशीही अट आहे. स्पर्धेत उतरणाऱ्याने आपल्या स्पर्धेचे नियमपत्रक वाचूनच माप ठरवावे.

जागा निवडताना एक्झॉस्ट आणि टर्बाइनपासून शक्य तितके दूर जा. ट्रॅकवर टर्बाइनचे घर लालबुंद होते. टाकी गळून त्यावर ऑइल पडले तर आग लागते. टाकी केबिनमध्ये कधीही नको. ती इंजिनवर न बसवता बॉडीवर, रबरी बुशांवर बसवा आणि पाइपाला इंजिनाच्या हालचालीपुरती ढील ठेवा.

वायू बाहेर सोडणारी उघडी टाकी असेल तर तिचा छोटा फिल्टर काढून पाहा. ऑइलने भिजून बंद झालेला फिल्टर म्हणजे झाकण लावलेली टाकीच होय. उघडी टाकी लावताना मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या पाइपावरची रिकामी झालेली तोंडे नीट बंद केलेली असावीत. तिथे ठोकलेल्या रबरी टोप्या उष्णतेने चिरतात. वायू परत टर्बोच्या पाइपात नेणारी बंद टाकी असेल, तर झाकणाची किंवा सांध्याची बारीकशी गळतीही न मोजलेली हवा आत घेते, आणि एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत मिश्रण पातळ झाल्याचा, बहुधा पी०१७१ हा, कोड येतो. साबणाचे पाणी फिरवून ती गळती सापडते.

रस्त्यावर नोंदणी असलेल्या गाडीत फक्त बंद प्रकारच ठेवा. भारत स्टेज या प्रदूषण-मानकांच्या चाचणीत पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधला वायू हवेत सोडायला जागाच नाही, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधने घालते.

सहावी तपासणी : मूळचा सेपरेटर आणि त्याचा पडदा

पुष्कळ आधुनिक इंजिनांत टॅपेट कव्हरमध्येच ऑइल वेगळे करणारा कप्पा आणि ओढीचे नियमन करणारा रबरी पडदा असतो. हा पडदा फाटला की मॅनिफोल्डची पूर्ण ओढ क्रँककेसला लागते. सुरुवातीला सांगितलेली शिट्टी आणि घट्ट बसलेले झाकण ही त्याचीच खूण आहे. काही इंजिनांत पडदा एकटा मिळतो, काहींत संपूर्ण कव्हर घ्यावे लागते. कॅच टँक लावली म्हणून हा सेपरेटर काढून टाकू नका. पहिली गाळणी तोच करतो, आणि त्याचा निचरा काळ्या गाळाने बुजला असेल तर गाळलेले ऑइल खाली न उतरता सगळे टाकीकडे येते.

सातवी तपासणी : पोटातला दाब मोजणे

सहा मिलिमीटरची पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीला बांधा, त्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडा. मध्ये एक रिकामी बाटली सापळा म्हणून जरूर ठेवा, कारण पडदा फाटलेला असेल तर ओढ इतकी असते की पाणी थेट इंजिनात जाईल. दोन बाजूंच्या पातळीतला फरक मिलिमीटरमध्ये वाचा. सुमारे दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिबार. इंजिन नुसते चालू असताना थोडी ओढ दिसली पाहिजे. पाणी उलट दिशेने ढकलले जात असेल तर वाट कुठेतरी अडली आहे किंवा ब्लो-बाय फार आहे.

खरी परीक्षा भाराखाली होते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला नुसता थ्रॉटल देऊन काही कळत नाही. डायनोवर (गाडी जागेवर भाराखाली चालवणाऱ्या यंत्रावर), मदतनीस बरोबर घेऊन, पूर्ण दाबावर हा आकडा पाहावा. माझ्याकडे पूर्ण भारावर १०० मिलिमीटरच्या पुढे दाब गेला की ती गाडी पुढच्या तपासणीला जाते. पाइप सोडवून ब्रीदरची तोंडे मोकळी केल्यावर हा दाब एकदम पडला तर दोष पाइपात किंवा टाकीत आहे. न पडला तर तो इंजिनात आहे. ही एक चाचणी सगळ्या तर्कवितर्कांना पूर्णविराम देते, आणि तरी फार थोडे लोक ती करतात याची मला मनापासून खंत वाटते.

आठवी तपासणी : वळणात लोटले जाणारे ऑइल

दाब ठीक आहे, पाइप ठीक आहे, तरी टाकीत शुद्ध ऑइल येते, आणि धूर फक्त एकाच बाजूच्या लांब वळणांनंतर दिसतो. लांब उजव्या वळणात ऑइल डाव्या बाजूला चढते. ब्रीदरचे तोंड त्या बाजूला असेल तर ते बुडते, आणि ब्लो-बाय त्या ऑइललाच पुढे ढकलतो. टॅपेट कव्हरमध्ये तोंडासमोर आडवा पत्रा बसवणे, ब्रीदरला दुसऱ्या बाजूला आणखी एक तोंड देणे, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल अडवणारे पत्रे बसवणे हे यावरचे उपाय आहेत. पहिला उपाय कसबी फॅब्रिकेटर करू शकतो; चेंबर उतरवण्याचे काम जाणत्याकडेच द्या. त्या वळणात ऑइल-प्रेशरचा काटा पडत असेल तर कॅच टँक विसरा. तिथे बेअरिंगे धोक्यात आहेत.

नववी तपासणी : टर्बोची परतीची वाट

टर्बोच्या शाफ्टला पुरवलेले ऑइल केवळ गुरुत्वाने चेंबरमध्ये परत उतरते. तो परतीचा पाइप मुरडला, बुजला, किंवा चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीखाली जोडला गेला, तर ऑइल टर्बोतच साचते. टर्बोच्या दोन्ही टोकांची सीले रबराची नसतात. पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात आणि साचलेल्या ऑइलला त्या रोखू शकत नाहीत. क्रँककेसमध्ये दाब असला तरी हेच घडते, म्हणून नवा टर्बो टाकूनही धूर थांबत नाही. टर्बो बदलण्याचा खर्च करण्याआधी परतीचा पाइप काढून त्यातून आरपार पाहा. शाफ्ट झिजला असेल तर उलट दिशेचा त्रासही होतो : टर्बोतला वायू परतीच्या पाइपातून क्रँककेसमध्ये येऊन ब्लो-बायमध्ये भर घालतो.

शेवटची तपासणी, आणि थांबण्याची जागा

येथपर्यंत सगळे ठीक निघाले आणि टाकी तरी भरते, तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणीशिवाय पर्याय नाही. कॉम्प्रेशन घरगुती गेजनेही पाहता येते. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. लीक-डाउन मात्र अनुभवी माणसाकडून करून घ्या. त्यात सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते पाहतात. पिस्टन नेमका वरच्या टोकाला नसेल तर इंजिन झटक्याने फिरते, आणि क्रँकवर अडकवलेला पाना हात मोडू शकतो. दहा टक्क्यांपर्यंतची गळती चांगली, वीसच्या पुढे काळजीची. हवा कुठून निसटते ते कानाने कळते : सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग, आणि ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा.

रिमॅप केलेल्या एका गाडीत पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर सात-आठ टक्क्यांवर होता आणि तिसरा ३८ वर. झाकणाशी कान नेला तर सायकलच्या ट्यूबसारखी फुसफुस स्पष्ट ऐकू येत होती. इंजिन उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड नखाएवढी तुटलेली मिळाली. जास्त दाबावर झालेल्या नॉकिंगचे ते काम होते. त्या गाडीला त्याआधी तीन वेगवेगळ्या टाक्या बसवून झाल्या होत्या.

आता स्पष्ट सांगतो. एका सत्रात टाकी काठोकाठ भरली, डिपस्टिक उडाली, वळणात ऑइल-प्रेशर पडले, गरम भागाजवळ ऑइल ठिबकताना दिसले, कूलंट कमी होऊन टाकीत गोडसर वास आला, सतत निळा धूर राहिला, किंवा लीक-डाउन वीस टक्क्यांच्या पुढे गेले, तर यांपैकी एकही गोष्ट गाडी ट्रेलरवर चढवायला पुरेशी आहे. “एवढे एक सत्र करू” असे त्या वेळी म्हणू नका. रिंगा, हेड आणि टर्बोची आतली कामे घरी करू नका. इंजिन-बिल्डरकडे गाडी नेताना वही बरोबर न्या : प्रत्येक सत्राचे मिलिलिटर, द्रवाचा रंग, पाण्याच्या नळीवरचा आकडा, आणि आपण काय काय बदलले त्याचा क्रम. दुरुस्तीनंतर तोच ट्रॅक, तितकीच मिनिटे आणि तीच पातळी ठेवून पहिले सत्र चालवा, आणि टाकीतला आकडा जुन्या आकड्याच्या खालच्या ओळीत लिहा.